ओल्दाच्या बादल्या

१४ एप्रिल

ओल्दाने आज तीन जोडबादल्या आणून बाल्कनीत ओळीने मांडल्या आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. कौतुक झाल्याशिवाय हलणार नव्हता.

खरं तर बादल्या माझ्याच. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त होताना मोहरीच्या सॉसच्या रिकाम्या बादल्या मी घरी आणल्या, तेव्हा हाच हसला होता. आता त्याने दोन-दोन बादल्या एकात एक बसवल्यात. खालच्या बादलीत पाणी, वरच्या बादलीत माती. वरच्या बादलीच्या तळाला भोक पाडून त्यातून आईच्या जुन्या सुती चादरीची जाड वेणी खाली पाण्यात सोडली आहे. झाडाला तहान लागेल तसं ते त्या वेणीतून पाणी ओढून घेणार. कडेला एक नळी, नळीत बुचाचा तुकडा, बुचात विणायची सुई. सुई वर असेल तर पाणी आहे, खाली गेली तर भरायचं.

"बूच कुठलं?" मी विचारलं. सरळच विचारलं.

"तुझ्याच वाइनचं. नाताळात प्यायलीस ती," तो म्हणाला. "माझ्या घरात बुचं नसतात, यार्मो. अकरा वर्षं झाली."

माझा धाकटा भाऊ अठ्ठावन्न वर्षांचा आहे, बस चालवतो, आणि त्याला असं काही विचारलं की अजून लहान मुलासारखा कान लाल करतो. कान लाल झाले म्हणजे तो खोटं बोलतोय की खरं, हे मला आयुष्यभर कळलेलं नाही.

बादल्यांचं कारण असं की ऑगस्टअखेरपर्यंत शुक्रवार उजाडला की मी आईला घेऊन डोंगरातल्या आमच्या लाकडी घरी जाते, ती रविवारी परतते. उन्हाळ्यात तर आठवडाभर. आणि बाल्कनीत यंदा गांजा लावायचाय. जानेवारीपासून कायद्याने माणशी तीन झाडं चालतात. शेजारच्या कोपेच्ना बाई कायदा नव्हता तेव्हापासून लावतात, डुकराच्या चरबीत शिजवून मलम करतात आणि सत्तरी उलटल्यावरही जिना धावत चढतात.

मलम आईच्या हातांसाठी. तिची बोटं आल्याच्या गाठींसारखी झालीत. कोटाची बटणं लावता येत नाहीत, जपमाळेचा मणी सरकत नाही. गोळ्यांनी पोट बिघडतं. पण आईला सांगायची सोय नाही. बाबांना दारूने नेलं, ओल्दाला दारूने जवळजवळ नेलं, त्यामुळे नशेची म्हणून जी काही वस्तू जगात आहे ती आईच्या लेखी सैतानाच्या हातची. तिला नीट दिसत नाही हे बरं. शोभेची झाडं आहेत म्हणून सांगितलं.

९ मे

पानं पिवळी पडली. मी रोज वरूनही पाणी घालत होते, कारण नुसत्या वेणीवर माझा विश्वास बसत नव्हता. ओल्दाने मातीत बोट खुपसलं आणि म्हणाला, "बुडवलीस की गं बिचाऱ्यांना! मुळं खाली पोचली, आता त्यांचं त्यांना पिऊ दे."

"वाळली तर?"

"सुईकडे बघ. झाडाकडे नको. तू कोणालाच सोडत नाहीस, यार्मिला. शाळेतल्या पोरांनाही रव्याचे गोळे संपेपर्यंत उठू देत नव्हतीस."

संपवायला लावत होते, कारण बाहेर ती दिवसभर काही खात नसत.

२१ जून

चार दिवस डोंगरात. परत आले तेव्हा वाटलं होतं सगळं मान टाकून बसलेलं असणार. झाडं तर माझ्या कमरेला आलेली! तिन्ही सुया वर. म्हणजे ओल्दा येऊन पाणी भरून गेला होता. उन्हाळ्यात शनिवार-रविवार त्याची फेरी असते, तरी मधे चावीने दार उघडून येतो, बादल्या भरतो, आईच्या कॅनरी पक्ष्याला दाणे टाकतो.

चावी त्याच्याकडे आहे याची मला कधीकधी आठवण होते. मग वाइनच्या कपाटाकडे एकदा नजर टाकते. काही हललेलं नसतं. अकरा वर्षांत कधीच काही हललेलं नाही, हेही लिहून ठेवते, न्याय म्हणून.

१९ जुलै

तिसरं झाड नर निघालं. कोपेच्ना बाईंनी बाल्कनीच्या कठड्यावरून वाकून बघितलं आणि ओरडल्या, "अहो उपटा तो दादला, नाहीतर दोघींना बिया धरवेल आणि मलम सोडा, पाखरांचा दाणा होईल!" अख्ख्या इमारतीने ऐकलं असणार. उपटला. दोन राहिली, पण दोन पुष्कळ झाली.

आईने विचारलं, ही बाई कोणाच्या दादल्याबद्दल बोलतेय.

२३ ऑगस्ट

फुलं धरली. आणि वास! जिन्यात पाय ठेवला की कळतं. आई म्हणते बाल्कनीत मांजर येऊन मुतून जातंय. मी म्हटलं, हो, पिवळं मांजर.

ओल्दाला काहीच त्रास नाही. कोविडपासून त्याला वासच येत नाही. कॉफी, पेट्रोल, भाजलेलं डुक्कर, सगळं सारखंच. फुलांत नाक खुपसून म्हणाला, "कागद. ओला कागद. म्हणून तर मी तुझा सगळ्यात चांगला माळी."

मग पाणी भरून झाल्यावर हात पुसत एकदम म्हणाला, "एक करशील? हे कापून, वाळवून झालं की कुठे ठेवतेस ते मला सांगू नकोस. मलमाचंही सांगू नकोस. मला माहीतच नको."

"का? मोह होतोय?"

"दारूचाच होतो. पण सुरुवातीला दारूबद्दलही वाटलं होतं की मला काही होत नाही." त्याचे कान लाल. "फक्त सांगू नकोस."

मी हो म्हटलं. पण ते वाक्य दिवसभर डोक्यात फिरत राहिलं. ज्याला मोह नाही, तो कशाला असं बोलेल?

२७ सप्टेंबर

काल कापणी केली. एका झाडाच्या शेंड्याला करडी बुरशी लागली होती, तेवढं फेकलं. बाकीचं दोरीवर उलटं टांगून आईच्या खोलीपासून लांब, माझ्या कपड्यांच्या कपाटाशेजारी वाळवतेय. माझी सगळी स्वेटरं आता तसल्याच वासाची. चर्चच्या गायनात बाजूला उभ्या राहणाऱ्या बाईने दोनदा माझ्याकडे बघितलं.

खोडं काढून बादल्या ओल्दा घासून ठेवणार होता. मी म्हटलं राहू दे, आता तुझं काम झालं. जरा लागलं असावं त्याला. पण वाळत टांगलेलं त्याने बघू नये असं त्यानेच तर म्हटलं होतं.

४ ऑक्टोबर

मलम झालं. दिवसभर अगदी मंद आचेवर, चरबीला बुडबुडा येऊ न देता. मग फडक्यातून गाळलं. मस्त हिरवं. शाळेत साडेतीनशे पोरांची बटाट्याची आमटी करणारी बाई मी, पण आज बरणी उजेडात धरून मुलीसारखी हरखले.

आता बरणीवर लिहायचं काय? 'गांजा' लिहिणं शक्य नाही. ओल्दाने वाचलं तर वचन मोडलं, आणि आईने कोणाकडून वाचून घेतलं तर घरात फादरना बोलावणं. मी वेलांटीदार अक्षरात चिठ्ठी चिकटवली, 'हंसाची चरबी', आणि मागच्या खोलीतल्या फडताळात नेहमीच्या जागी ठेवली. आपल्याकडे हंसाची चरबी नाही असं फडताळ कुठे असतं? लपवायला याहून चांगली जागा नाही.

आईला म्हटलं, "हाताला चोळायला हंसाची चरबी केलीय, जरा पाला घातलाय तिच्यात. सकाळ-संध्याकाळ चोळ."

आई खूश झाली. "आमच्या आईचीही असायची. एकच बरणी. खोकला झाला की छातीला, आणि नसला की पावाला." मग तिने बरणीवर हात फिरवला. "किती दिवसांनी माझ्यासाठी काहीतरी केलंस, यार्मिल्को."

किती दिवसांनी? मी रोज करते. पण मनाला बरं वाटलं.

११ ऑक्टोबर

बरणी झपाट्याने खाली जातेय. म्हणजे आई मनापासून चोळतेय. हातांत अजून फरक नाही, पण कोपेच्ना बाई म्हणतात महिना धीर धरा.

आज रविवार. ओल्दाची सुट्टी होती. मी गायनाहून परतले तर हा सोफ्यावर आडवा, तोंड उघडं, जोडे घातलेले. हलवलं तर डोळे उघडून हसला. कॅनरीकडे बोट दाखवून म्हणाला, "याचं गाणं बघ गं, पिवळं आहे," आणि परत झोपला. संध्याकाळी उठला तेव्हा त्याचा चेहरा भेदरलेला. म्हणाला, "मला काय झालं होतं?"

"तूच सांग."

"काही नाही घेतलं, यार्मो. शपथ."

आई मधे पडली. "दमलाय तो. आठवडाभर बस चालवतो. जेवला, झोपला. काय चौकशी लावलीयस?"

मी पूर्वीसारखी त्याच्या जवळ गेले आणि वास घेतला. दारूचा नव्हता, कांद्याचा होता. पण रात्री मलमातून उरलेल्या, माझ्या कपाटात लपवलेल्या वाळक्या फुलांची बरणी काढून हातात तोलून पाहिली. हलकी वाटली.

१६ ऑक्टोबर

काल जे झालं ते लिहायला कालच बसले होते, लिहिता आलं नाही.

गुरुवारी मी कमरेच्या व्यायामाला जाते आणि ओल्दा दुपारच्या पाळीआधी आईकडे तासभर बसून जातो. काल गेला आणि डोंगराकडची फेरी घेऊन निघाला. लाकडाच्या गिरणीपाशी, जिथे थांबाच नाही, तिथे त्याने बस बाजूला घेतली, बंद केली, दारं उघडली आणि प्रवाशांना म्हणाला की माफ करा, मला चालवता येत नाही. कोणीतरी रुग्णवाहिका बोलावली, रुग्णवाहिकेसोबत पोलीस आले. फुंकायला लावलं तर शून्य. मग तोंडातली लाळ तपासली. गांजा. मग रक्त घेतलं. त्यातही तेच.

परवाना जागेवर काढून घेतला. कंपनीने बोलावून सांगितलं की उद्यापासून येऊ नको. त्याचा इतिहास त्यांना ठाऊक आहे, त्याला कामावर ठेवलं तेव्हा एका माणसाने स्वतःचा शब्द खर्ची घातला होता. ओल्दाला त्या बसशिवाय दुसरं काही नाही. बायको गेली दारूत, घर गेलं दारूत. आता निवृत्तीला जेमतेम काही वर्षं राहिली असताना हे.

संध्याकाळी तो सरळ आमच्याकडे आला. दारातच उभा राहिला. मी विचारलं, "कधीपासून घेतोयस?"

"मी काही घेतलं नाही."

"रक्त खोटं बोलतं?"

"मला माहीत नाही. यार्मिला, मला खरंच माहीत नाही." मग पूर्वी, वाईट दिवसांत, मी दारात अडवायचे तेव्हा करायचा तसं त्याने तोंड पुढे केलं. "घे वास. बघ. घे ना."

मी तोंड फिरवलं. म्हटलं, "गांजा खाल्ला की वास येत नाही. तुला नाक नाही म्हणून मला मूर्ख समजू नकोस. चावी दे."

त्याने चावीच्या जुडग्यातून आमची चावी काढायला बराच वेळ लावला. ठेवली आणि गेला.

२० ऑक्टोबर

फुलांची बरणी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन केलं. गेल्या वेळी किती होतं ते मी लिहूनच ठेवलं नव्हतं. तरी मला खात्री आहे की कमी आहे. 'कुठे ठेवतेस ते सांगू नकोस' म्हणे. शोधून काढलं असणार. माझ्या कपाटात हात घातला.

आई रडते. तिला सगळं नाही सांगितलं, एवढंच सांगितलं की ओल्दा परत नशेला लागला आणि नोकरी गेली. ती म्हणते, "पण तो तर इथे बसला होता गं, माझ्यासमोर. किती शहाण्यासारखा. मी त्याला पाव केला, भरपूर कांदा घालून, दोन तुकडे खाल्ले. म्हणाला, आई, असा पाव कुठे मिळत नाही."

"तुझ्या लाडानेच तो असा झालाय," मी म्हटलं.

बोलल्यावर मलाही वाईट वाटलं, पण घरात कोणीतरी स्पष्ट बोलायला हवं. आयुष्यभर ते काम माझ्याकडेच आलंय.

२ नोव्हेंबर

मृतात्म्यांचा दिवस. आईला चाकाच्या खुर्चीतून बाबांच्या थडग्यावर नेलं. मेणबत्त्या लावल्या, शेवंतीचं रोप ठेवलं. माती गोठायला लागलीय.

ओल्दा आला. लांबूनच कळलं. कोटाचं बटण भलत्याच घरात, आणि चालताना दगडांच्या कडा धरत होता. यावेळी वास घ्यायला जवळ जायची गरज नव्हती. रम. त्याने बाबांच्या दगडावर हात ठेवला आणि म्हणाला, "हॅलो, बाबा. मी आलो."

आईने त्याचा हात आपल्या वाकड्या बोटांत धरला आणि सोडला नाही. मला म्हणाली, "त्याला घरी घेऊन चल, हंसाची—"

"आई, पुरे," मी म्हटलं.

मी तिची खुर्ची वळवली. मला आत कुठेतरी बरं वाटलं, हे मी इथे लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार नाही. बरं वाटलं, कारण माझं म्हणणं खरं ठरलं होतं.

११ नोव्हेंबर

सेंट मार्टिनचा सण. हंस भाजला. कोबी, लाल कोबी, बटाट्याचे गोळे, सगळं केलं. आम्ही दोघीच. भाजताना निघालेली चरबी गाळून वाडग्यात गार करायला ठेवली, पांढरीशुभ्र.

आई टेबलाशी बसून त्या वाडग्याकडे बराच वेळ तोंड करून होती. मग बोट बुडवून चाखलं. म्हणाली, "यात पाला नाही घातलास. ओल्दाला हिरवी आवडायची. म्हणायचा, यार्मिला ओवा-बिवा काय घालते कोण जाणे, मला तर वास येत नाही, पण पोट तृप्त होतं."

मी हातातला चमचा खाली ठेवला.

"कुठली हिरवी?" मी विचारलं.

"फडताळातली. तू केलेली."

"ती हाताला चोळायची होती, आई."

"चोळली की, पहिले दोन दिवस. मग म्हटलं एवढी चांगली चरबी माझ्या म्हाताऱ्या हातांवर कशाला वाया घालवायची. तो बिचारा एकटा राहतो, डब्यातलं खातो. गुरुवारी-रविवारी यायचा, तेव्हा जाड थर लावून द्यायचे." ती हसली. "तुला सांगितलं नाही, तू ओरडली असतीस."

मी उठून मागच्या खोलीत गेले. बरणीत तळाशी बोटभर उरली होती. आत सुरी फिरवल्याचे नागमोडी ओरखडे. पाव माखायच्या बोथट सुरीचे. मी रोज ती बरणी बघत होते. रोज बघून मनाशी म्हणत होते, छान, चोळतेय.

माझ्याच अक्षरातली चिठ्ठी.

जमिनीवर बसले. आईने हाक मारली, हंस गार होतोय. मी म्हटलं, येते. आणि तोंडावर हात दाबून तिथेच बसून राहिले. गुरुवारी संध्याकाळी तो दारात उभा होता, तोंड पुढे करून. मी वास घेतला असता तर कांद्याचा आला असता. रविवारी आला होता तोच. मी स्वतः लिहिलंय या वहीत, मागे चाळून पाहिलं, कांद्याचा होता म्हणून. दोन आणि दोन मला जोडता आले असते. शाळेतली पोरं काय खाऊन आलीत हे मी त्यांच्या तोंडावरून ओळखायचे.

१२ नोव्हेंबर

ओल्दाकडे गेले. तो बनियनवर होता, खोलीत बाटल्या. मी बरणी टेबलावर ठेवली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आधी मनात बरंच जुळवून गेले होते, पण तिथे गेल्यावर नुसतं घडलं तसं बाहेर पडलं.

त्याने बरणी हातात घेऊन चिठ्ठी वाचली.

"म्हणजे मी नव्हतो?" त्याने विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"नक्की, ओल्दा. मी होते."

तो खाटेच्या कडेला बसला. मला वाटलं आता शिव्या देईल, बरणी भिंतीवर फोडेल. मी तयार होते, खरं तर मला तेच हवं होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "मला वाटलं मीच घेतलं असणार आणि मला आठवत नाही. पूर्वी व्हायचं तसं. आठवायचं नाही आणि तुम्ही सगळे सांगायचात, तू हे केलंस, ते केलंस, आणि ते खरं निघायचं. मी रात्रंदिवस डोकं खाजवलं, यार्मो. कुठे हात घातला, कधी घातला. शेवटी म्हटलं, रक्त म्हणतंय, बहीण म्हणतेय, तर केलं असणार. आणि जर मी न पिताही असाच असेन, तर मग पिणं टाळायचं कशाला."



मी त्याच्या पायाशी बसून रडले. अशी मी बाबा गेले तेव्हाही रडले नव्हते. म्हटलं, मी पोलिसांकडे जाते, कंपनीत जाते, सगळं सांगते. आईलाही सांगते.

"आईला नाही," तो एकदम म्हणाला.

"ती रोज तुझ्यासाठी रडते. तिला वाटतं तू—"

"वाटू दे. तिला त्याची सवय आहे." त्याने डोळे पुसले. "स्वतःच्या हाताने खाऊ घातलं, हे कळलं तर ती मरेल. तिने त्या हातांनी पाव कापायचा सोडला तर तिच्याकडे उरतं काय? तू शपथ घे."

मी शपथ घेतली. कान लाल नव्हते त्याचे. पांढरे पडले होते.

१८ नोव्हेंबर

पोलिसांना बरणी दिली, जबाब दिला. समोरचा तरुण अधिकारी चिठ्ठी वाचून हसायला लागला आणि माझ्याकडे बघून थांबला. तपासणीला पाठवतील. परवाना परत मिळू शकेल म्हणाला, वेळ लागेल. कंपनीतल्या माणसाने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, ते ठीक आहे. पण तो आता पितोय ना?"

गांजाचं खापर माझ्या डोक्यावर फोडता येतं. रमचंही माझ्याच डोक्यावर आहे, पण ते कुठल्याच जबाबात बसत नाही.

ओल्दा इस्पितळात जायला तयार झालाय. तेच इस्पितळ, अकरा वर्षांपूर्वीचं. जागा परवापासून आहे.

२० नोव्हेंबर

सकाळी तो आम्हाला भेटायला आला. दाढी केलेली. बाल्कनीत गेला, बादल्या तशाच होत्या, मी कापलेल्या खोडांसकट सोडून दिलेल्या. त्याने दोन्ही खोडं उपटली, माती एका पोत्यात भरली, वेण्या सोडवून पिळून कठड्यावर वाळत घातल्या. म्हणाला, "थंडीत पाणी गोठलं तर बादली तडकते. एवढंही कळत नाही तुला." मी चावी त्याच्या हातात ठेवली. त्याने ती जुडग्यात घातली नाही, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. म्हणाला, परत येईन तेव्हा बघू.

आईने त्याच्या कपाळावर क्रूस काढला आणि म्हणाली, "मी प्रार्थना करते बाळा, या वेळी सोड ती नशा. तू मनावर घेतलंस की होतं." तो म्हणाला, "हो, आई. चुकलं माझं." मी तिथेच उभी होते.

मग तिने त्याच्या हातात कागदात गुंडाळलेला पाव दिला.

इस्पितळाला जायला त्याच्याच फेरीची बस. चालवणारा त्याच्या ओळखीचा होता, तिकिटाला नको म्हणाला, ओल्दाने दिलेच पैसे. तो खिडकीशी बसला, मी शेजारी. लाकडाची गिरणी आली तेव्हा त्याने काचेवर बोट ठेवलं. "इथे."

आणि तेव्हा मी त्याला पहिल्यांदा विचारलं, की त्या दिवशी बस थांबवलीस का? सगळ्यांनी सगळं विचारलं होतं, कुठून आणलं, किती घेतलं, कधीपासून. हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"रस्ता हलत होता गं," तो म्हणाला. "मला वाटलं झटका येतोय. आरशात बघितलं तर मागे शाळेची पोरं होती, लाल टोप्या घातलेली. म्हटलं, मेलो तर मेलो, पण आधी बस उभी करू."

मग त्याने मांडीवरचा कागद उघडला. पाव, वर पांढऱ्या चरबीचा जाड थर, कांद्याच्या चकत्या. मीच हंसाची चरबी काढली होती, मीच वाडग्यात ठेवली होती, आणि आईने ती लावताना मी बाजूला उभी राहून बघितलं होतं. तरी मी वाकून तिचा रंग पुन्हा पाहिला.

ओल्दाने पाव मोडला आणि अर्धा माझ्यापुढे धरला.

"आधी तू खा, यार्मो," तो म्हणाला. हसत म्हणाला, पण हात मागे घेतला नाही.

मी खाल्ला. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने खाल्ला.